वाळवलेल्या स्फॅग्नम मॉसची १५० ग्रॅमची वीट: दलदलीतल्या झाडांसाठी कितपत कामाची?

कीटकभक्षी झाडे लावणारे, ऑर्किडवाले आणि गुटी कलम बांधणारे, या तिघांच्याही कपाटात स्फॅग्नमची, म्हणजे दलदलीत वाढणाऱ्या एका मॉसची, ही वीट सापडते. चपटी दाबलेली, प्लास्टिकमध्ये घट्ट बंद, वजन १५० ग्रॅम, वेष्टनावर ‘१२ लिटर’ असा आकडा. हे परीक्षण एखाद्या ठरावीक छापाचे नाही. लांब धाग्यांचे, न दळलेले, वाळवलेले स्फॅग्नम या नावाखाली जो माल मिळतो त्याचे आहे, कारण छाप कोणताही असला तरी पारखायच्या गोष्टी त्याच आणि फसण्याच्या जागाही त्याच.

मत आधीच सांगून टाकतो. दवबिंदू (ड्रोसेरा), व्हीनस फ्लायट्रॅप, जमिनीवर वाढणारी सीतेची आसवे (युट्रिक्युलेरिया) अशा लहान चणीच्या कीटकभक्षी दलदली झाडांना याहून चांगले माध्यम नाही. पाचांपैकी साडेचार. उरलेला अर्धा कापला तो वेष्टनावरच्या माहितीसाठी: पाणी कोणते वापरायचे याबद्दल तिथे बहुधा एक अक्षरही नसते, आणि या मालाचे सगळे भवितव्य पाण्यातच आहे. क्षारांनी भरलेले जड पाणी घालणार असाल तर उत्तम प्रतीचे मॉसही एका हंगामात कामातून जाते.

मॉस पाणी धरते कसे

स्फॅग्नमला मुळे नसतात. टोकाला दाट गुच्छ, त्याखाली देठ, देठाला लोंबणाऱ्या बारीक फांद्या आणि त्यांवर एकमेकांवर चढलेली इवली पाने. पानाची जाडी जेमतेम एका पेशीची. त्या एकाच थरात दोन तऱ्हेच्या पेशी असतात: अरुंद, हिरव्या, जिवंत पेशींची जाळी आणि त्या जाळीच्या घरांत बसलेल्या मोठ्या, पोकळ, मेलेल्या पेशी. पाणी साठते ते या मेलेल्या पेशींत. त्यांच्या भिंतींना भोके असतात, त्यांतून पाणी आत शिरते. भिंतींना आतून वेटोळ्यासारखे धागे असतात, त्यांच्या आधाराने पेशी चपटी होऊन चिकटून बसत नाही. म्हणूनच झाड वाळवले, यंत्राखाली दाबले, वर्षभर कपाटात ठेवले, तरी भिजवल्यावर ते परत फुलते. पाणी धरण्यासाठी त्याला जिवंत असण्याची गरजच नसते.

कोरड्या वजनाच्या १६ ते २० पट पाणी ते सहज धरते. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या काळात, कापूस कमी पडला तेव्हा जखमांच्या पट्ट्यांत हेच भरले जात होते. १५० ग्रॅमच्या विटेला या हिशेबाने अडीच ते तीन लिटर पाणी पुरते. वेष्टनावरचे १२ लिटर म्हणजे मोकळ्या, फुललेल्या मॉसचे आकारमान. ते पाण्याचे माप समजून बादलीभर पाण्यात वीट बुडवणारे बरेच असतात. त्याने बिघडत काही नाही, पण चांगले पाणी उगाच वाया जाते.

दुसरा गुण डोळ्यांना दिसत नाही. स्फॅग्नमच्या पेशीभित्तिकांत आम्लधर्मी जागा असतात. त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन सोडतात, त्यामुळे भोवतीच्या पाण्याचा पीएच ४ च्या आसपास उतरतो. अशा आंबट, अन्नद्रव्यहीन पाण्यात कुजवणारे जिवाणू मंदावतात, आणि कीटक खाऊन नायट्रोजन मिळवणाऱ्या झाडांना स्पर्धक उरत नाहीत. डेन्मार्कमधल्या दलदलीत १९५० साली सापडलेला टोलुंडचा माणूस दोन हजारांहून अधिक वर्षे चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसकट टिकला, तो याच रसायनामुळे. पण अशा दलदलीतल्या देहांची कातडी टिकते आणि हाडे मऊ पडतात, कारण आम्ल हाडांतला चुना ओढून घेते. कुंडीसाठी यातून घ्यायची गोष्ट एवढीच की कॅल्शियम पकडणाऱ्या या जागा मोजक्या असतात. जड पाण्याने त्या भरल्या की पीएच वर चढतो, मॉस भराभर कुजते आणि झाडाची मुळे काळी पडतात.

घेताना काय पाहावे

रंग फिकट पिवळा, मलईसारखा किंवा किंचित हिरवट हवा. गर्द तपकिरी भाग जास्त असेल तर तो देठाचा खालचा, अर्धवट कुजलेला भाग; तो लवकर बसतो. भडक, एकसारखा हिरवा रंग दिसला तर घेऊ नका. तो सजावटीसाठी रंगवलेला माल असतो आणि पाण्यात टाकताच रंग सोडतो.

धाग्याची लांबी ही प्रतीची खरी खूण. चांगल्या विटेतले बरेचसे धागे १० ते १५ सेंमी भरतात आणि टोकाचा गुच्छ शाबूत असतो. हलक्या मालात ४-५ सेंमीचे तुकडे, चुरा, गवताच्या काड्या आणि झुडपांच्या डहाळ्या निघतात. वेष्टनावरच्या ‘तीन ए’, ‘पाच ए’ अशा श्रेणी कंपन्या आपापल्या ठरवतात. एका कंपनीचे तीन ए दुसरीच्या पाच एपेक्षा सरस निघू शकतात. शक्य असेल तर पारदर्शक वेष्टनाची वीट घ्या आणि कडेने पाहा. कडेला भुसा साचलेला दिसला तर आतही तोच आहे.

नावांचा घोळ फार. पीट मॉस म्हणजे स्फॅग्नमच, पण दलदलीच्या तळाशी शेकडो-हजारो वर्षे दबून काळे-तपकिरी झालेले आणि दळल्यासारखे दिसणारे. ते वेगळे माध्यम आहे. रेनडिअर मॉस हे मॉसच नव्हे, तो दगडफूल वर्गातला जीव आहे. स्पॅनिश मॉस ही तर अननसाच्या कुळातली फुलझाडाची जात. गालिच्यासारखे चपटे शीट मॉस खरेच मॉस आहे, पण त्यात त्या पोकळ पेशींची पाणीसाठवण नाही. या तिन्हींत दवबिंदू लावला तर तो टिकत नाही.

सर्वांत महत्त्वाचे: घटकांच्या यादीत खत नको. ‘झाडांना पोषण मिळेल असे’, ‘अन्नद्रव्ययुक्त’ असा उल्लेख दिसला की वीट परत ठेवा. कुंडीतल्या इतर झाडांना जे वरदान तेच फ्लायट्रॅपच्या मुळांना विष. काही वेळा खत घातलेले असूनही ठळक लिहिलेले नसते. त्यावर घरच्या घरी होणारी चाचणी अशी: १० ग्रॅम कोरडे मॉस अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी पिळून ते पाणी टीडीएस मीटरने, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने, मोजा. ३० ते ५० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आत असेल तर माल स्वच्छ. थोडे वर गेले तर आणखी एकदा धुऊन मोजा. साधी धूळ-माती असेल तर दुसऱ्या धुण्यात आकडा झपाट्याने पडतो. दोन-तीन धुण्यांनंतरही शंभरच्या वर अडला तर त्यात खत किंवा मीठ मुरलेले आहे. ते गुटी कलमासाठी ठेवा, दलदलीच्या झाडांना लावू नका.

पीएच मीटरच्या भानगडीत मात्र पडू नका. इतक्या कमी क्षारांच्या पाण्यात साधे काचेचे इलेक्ट्रोड स्थिरावत नाहीत, आकडा सारखा सरकतो आणि उगाच घबराट होते.

भिजवणे

कोरडी वीट हाताने तोडू नये. धागे तुटून लांबीसाठी दिलेले पैसे तिथेच वाया जातात, आणि बारीक धूळ नाकात जाते. ही धूळ निव्वळ त्रासदायक नसते. स्फॅग्नमवर स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असू शकते. ओरखड्यातून ती त्वचेत शिरली तर आधी एक न भरणारी गाठ आणि मग हातावर वरवर चढत जाणारी गाठींची माळ असा विकार होतो. १९८८ मध्ये अमेरिकेत सूचिपर्णी रोपांच्या मुळांभोवती गुंडाळलेल्या मॉसमधून हा विकार १५ राज्यांत ८४ जणांना झाला होता. धोका लहान आहे, उपाय त्याहून लहान: हातमोजे, आणि कोरडे मॉस हाताळताना मास्क. हाताला जखम असेल तर ती भरेपर्यंत काम पुढे ढकला. गाठ आलीच तर डॉक्टरांना मॉस हाताळल्याचे आवर्जून सांगा, नाहीतर निदान लांबते.

अख्खी वीट पसरट टबात ठेवा आणि वरून तीन लिटर कोमट आरओ किंवा डिस्टिल्ड पाणी ओता. वीस मिनिटांत ती थराथराने सुटू लागते. एकदा उलटी करा. अर्ध्या तासाने थर हातांनी अलगद मोकळे करा, हलके पिळा, ते पहिले पाणी टाकून द्या आणि पुन्हा दोन लिटर ताजे पाणी घाला. पहिल्या पाण्याचा रंग चहासारखा असतो, त्यात वावगे काही नाही. आता काड्या, गवताची पाती, झुडपांची पाने वेचून काढा. गवत, नागरमोथ्याच्या कुळातली झाडे आणि नेचे यांचे बी-बीजाणू मॉसबरोबर येतातच. पुढे कुंडीत कोवळे पाते दिसताच चिमट्याने उपटा. मोठे होऊ दिले तर त्याची मुळे काढताना निम्मे मॉस उखडते.

उकळते पाणी ओतावे का, हा नेहमीचा वाद. ओतले तर तणाचे बी, किड्यांची अंडी आणि बुरशी बऱ्याच अंशी मरतात. पण वाळलेल्या मॉसमध्ये कधी कधी जिवंत राहिलेले अंकुर किंवा बीजाणू असतात, ज्यांतून काही आठवड्यांनी हिरवे गुच्छ फुटतात, तेही मरतात. बंद काचपात्रात लावणार असाल तर उकळते पाणी वापरा. उघड्यावर, चांगल्या उजेडात ठेवणार असाल तर कोमटच ठीक.

कुंडीत भरणे

दहा सेंमी व्यासाच्या आणि दहा सेंमी खोल कुंडीला साधारण १० ग्रॅम कोरडे मॉस लागते. म्हणजे एका विटेत अशा पंधराएक कुंड्या. चार-पाच कुंड्यांतच वीट संपली तर मॉस फार दाबून भरले गेले, आणि सगळ्यांत जास्त झाडे याच चुकीने जातात. ठासून भरलेल्या मॉसमध्ये हवा उरत नाही. तळाशी ते काळे पडते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि पृष्ठभाग छान दिसत असताना खाली मुळे सडत असतात. उलट फार सैल भरले तर मध्ये पोकळ्या राहतात, मुळे तिथे लोंबकळत वाळतात आणि पाणी खालून वर चढत नाही.

बरोबर भरण आजमावण्याची रीत सोपी आहे. मॉस मुठीत दाबून जास्तीचे पाणी काढा. पुन्हा दाबल्यावर दोन-चार थेंब पडतील इतके ओले ठेवा. मग बोटांनी सुटे करून कुंडीत टाका आणि कडेने बोटाने टेका. वरून तळव्याने दाबल्यावर सेंटिमीटरभर बसून हात काढताच परत वर यायला हवे. परत आले नाही तर थोडे काढा.

फ्लायट्रॅपसाठी कुंडी दहा-बारा सेंमी तरी खोल घ्या. पांढरा कंद मॉसखाली आणि नवी पाने फुटण्याची जागा अगदी पृष्ठभागाशी, अशी बैठक हवी. ही जागा गाडली गेली की सडते. दवबिंदूच्या बहुतेक सोप्या जातींना, विशेषतः ड्रोसेरा कॅपेन्सिसला, इतकी काटेकोरपणे बैठक साधावी लागत नाही. त्यांचे बी मात्र लांब धाग्यांवर पेरू नका. ते इतके बारीक असते की धाग्यांच्या फटींतून खाली अंधारात जाते आणि रुजत नाही. मॉस कात्रीने अर्धा-एक सेंमीचे कापून वरचा दोन सेंमीचा थर त्याचा करा, बी वर नुसते शिंपडा, झाकू नका.

जमिनीवर वाढणाऱ्या सीतेच्या आसवांना, म्हणजे युट्रिक्युलेरिया सँडरसोनाय किंवा बिस्क्वामाटा यांसारख्या जातींना, हे माध्यम खास मानवते. पाण्याची पातळी पृष्ठभागाच्या दोन-तीन सेंमी खाली कायम ठेवली तर त्या मॉसभर पसरतात. त्यांचे सापळे धाग्यांच्या मधल्या पाण्यात, नजरेआड काम करतात. एकेक सापळा म्हणजे आत निर्वात ताण धरून बसलेली इवली पिशवी. केसाला स्पर्श झाला की झडप उघडून सावज आत ओढले जाते, आणि हे सारे एका मिलिसेकंदाच्या आत. वर मात्र नुसती बारीक पाने आणि फुले दिसतात.

सरासेनियासाठी, म्हणजे तुतारीसारख्या उभ्या पानांच्या मोठ्या कीटकभक्षी झाडासाठी, अख्खी कुंडी या मॉसने भरणे म्हणजे उधळपट्टी. मोठ्या कुंडीला पीट आणि पर्लाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) किंवा धुतलेली सिलिका वाळू यांचे मिश्रण पुरते; मॉसचा दोन-तीन सेंमीचा थर वर दिला की पुरे. घटपर्णीला नुसते मॉस जड होते, कारण तिच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवा लागते. निम्मे मॉस आणि निम्मे जाड पर्लाइट किंवा सालीचे तुकडे वापरा, आणि तिची कुंडी पाणी भरलेल्या ट्रेमध्ये ठेवू नका. दलदलीतली झाडे म्हणून सगळ्या कीटकभक्षींना एकच वागणूक दिली की पहिली घटपर्णीच जाते.

पाणी

हे मॉस बाष्पीभवनाच्या चुलीसारखे आहे: पाणी वर जाते, क्षार खाली उरतात. हिशेब करून पाहा. वर सांगितलेल्या कुंडीतले १० ग्रॅम मॉस जास्तीत जास्त २०० मिली पाणी धरते. उन्हाच्या दिवसांत कुंडी आणि झाड मिळून रोज ५० मिली पाणी उडवतात असे धरले तर १०० दिवसांत पाच लिटर पाणी लागले. ते ३०० पीपीएमचे असेल तर मागे दीड ग्रॅम क्षार राहिले, आणि ते सगळे त्या २०० मिलीत विरघळलेले राहिले तर आकडा होतो ७,५०० पीपीएम. दहा पीपीएमचे आरओ पाणी घातले असते तर ५० मिलिग्रॅम, म्हणजे २५० पीपीएम. दोन्हींतला फरक उघड आहेच, पण दुसऱ्या आकड्याकडेही नीट बघा: शुद्ध पाणी वापरूनही क्षार साचतातच. म्हणून महिन्या-दीड महिन्याने वरून लिटरभर शुद्ध पाणी हळूहळू ओतून कुंडी धुवावी आणि ट्रेमध्ये आलेले पाणी फेकून द्यावे. नुसते ट्रेमध्ये पाणी भरत राहणाऱ्यांच्या कुंडीत धाग्यांच्या टोकांवर पांढरे कण दिसू लागतात; ती पहिली सूचना.

रोजच्या वापरासाठी ५० पीपीएमच्या आतले पाणी धरून चाला. शंभरपर्यंत वारंवार धुण्याच्या बोलीवर चालते. त्यावर नाही.

पाणी उकळून काही साधत नाही. चुन्याचा थोडा भाग खाली बसतो, बाकी क्षार तसेच. पाणी मऊ करणारे यंत्र कॅल्शियम काढून सोडियम घालते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. घरगुती आरओ यंत्रांत बऱ्याचदा चव येण्यासाठी खनिजे परत मिसळणारे काडतूस किंवा टीडीएस वाढवणारा कॉक असतो; आरओचे पाणी म्हणून विश्वासाने घातलेले पाणी १५० पीपीएम निघते ते यामुळे. मीटरने मोजल्याशिवाय घालू नका. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम, पण छपरावरून पहिल्या सरीचे पाणी वाहून जाऊ द्या आणि सिमेंटच्या टाकीत साठवू नका, कारण सिमेंट चुना सोडते. एसीचे गळके पाणी मीटरवर शुद्ध दिसते, तरी ते नळ्यांच्या धातूवरून आलेले असते. इतर सोय असेल तर ते टाळलेले बरे.

गुटी कलमाला मात्र यातले काही लागू नाही. तिथे मॉस दोन-तीन महिन्यांचा पाहुणा असते, साध्या पाण्यात भिजवले तरी चालते. ते कडक पिळून घ्यावे एवढेच. निथळते मॉस बांधले तर मुळे फुटण्याआधी साल सडते.

काय बिघडते

पृष्ठभागावर हिरवा-काळा चिकट थर येणे ही सर्रास तक्रार. तो शेवाळाचा किंवा सायनोबॅक्टेरियाचा असतो, आणि सततचा ओला पृष्ठभाग, उजेड आणि पाण्यातली अन्नद्रव्ये हे तिन्ही जुळले की येतो. उजेड कमी करू नका, झाडांना तो हवाच. ट्रेमधली पातळी दोन-तीन सेंमी खाली आणा, कुंडी धुवा, वारा खेळू द्या आणि वरचा थर सोलून ताजे मॉस घाला. तांबे असलेली शेवाळनाशके वापरली तर शेवाळाआधी मॉस मरते.

भिजवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पांढरी, कापसासारखी बुरशी येते. झाकण उघडून हवा दिली की बहुतेक वेळा ती आपोआप विरते. ओल्या मॉसवर घोटाळणारे काळे, डासांहून लहान माशांचे थवे हे फंगस नॅट. त्यांच्या अळ्या कुजके भाग आणि कोवळी मुळे खातात. बीटीआय या जिवाणूवर आधारित पूड पाण्यातून दिली की अळ्या मरतात; झाडाला आणि मॉसला त्याचा त्रास नाही. प्रौढ माश्या दवबिंदू स्वतःच टिपतो. उड्या मारणारे पांढुरके स्प्रिंगटेल दिसले तर सोडून द्या, ते बुरशी खातात आणि कुंडी स्वच्छ ठेवतात.

अंकुर जिवंत निघाले आणि पाणी शुद्ध असले तर दोन-तीन महिन्यांत हिरवे गुच्छ वर येतात. इथून या विटेची खरी गंमत सुरू होते. जिवंत मॉस पिळून त्याचा थेंब १०० पट मोठा करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर चाकासारखे केस फिरवणारे रोटिफर, स्वतःभोवती कवच बांधणारे अमिबा आणि दोन सारख्या अर्ध्या भागांचे डेस्मिड नावाचे सूक्ष्म हिरवे शेवाळ दिसतात. डेस्मिडच्या कित्येक जातींना आंबट, चुना नसलेले पाणीच लागते, म्हणून ते दिसणे हे पाणी बरोबर असल्याचे चांगले लक्षण. निसर्गात त्या पोकळ मेलेल्या पेशींतही वस्ती असते: नॉस्टॉकसारखे सायनोबॅक्टेरिया तिथे हवेतला नायट्रोजन बांधतात, आणि मिथेन खाणारे जिवाणू दलदलीतून वर येणारा वायू पचवून मॉसला कार्बन डायऑक्साइड देतात. पोकळ म्हणताना पेशी अशी भरलेली असते.

जिवंत मॉसची एकच अडचण. ते वाढते, आणि शेजारचे झाड त्याच्या वेगाने वाढत नाही. लहान दवबिंदू आणि फ्लायट्रॅपचे रोप दोन महिन्यांत गाडले जाते. कात्रीने मॉस झाडाच्या पातळीला कापत राहा. कापलेले गुच्छ दुसऱ्या कुंडीत पीटवर पसरले की त्यांचीच नवी लागवड होते. तिथे पातळी पृष्ठभागाच्या दोन-तीन सेंमी खाली ठेवा, भरपूर पण थेट नसलेला उजेड द्या, आणि झाकलेच तर हवेला फट ठेवा. टोके तपकिरी किंवा फिकट पडू लागली तर आधी पाण्याचा टीडीएस तपासा, नंतर बाकीचे.

मेलेले मॉस कुंडीत दीड-दोन वर्षे चांगले राहते, थंड हवेत थोडे जास्त. ते मूळ उंचीच्या दोन तृतीयांशावर बसले, रंग गर्द झाला आणि बोटांत चिवटाऐवजी बुळबुळीत लागू लागले की बदला. फ्लायट्रॅप आणि सरासेनियाचे मॉस त्यांची थंडीतली विश्रांती संपत असताना, नवी पाने फुटण्याच्या आधी बदलावे.

पर्यायांच्या तुलनेत

पीट स्वस्त पडते आणि सरासेनियासारख्या मोठ्या झाडांना चालते. दोष असा की एकदा पूर्ण वाळले की ते पाणी झिडकारते. वरून ओतलेले पाणी कडेने निघून जाते आणि आतला गोळा कोरडाच राहतो. स्फॅग्नमचे धागे वाळल्यावरही पाणी लगेच घेतात, त्यामुळे चार दिवस लक्ष राहिले नाही तरी सुधारणा होते. आणखी एक गोष्ट: पीट वर्षाला जेमतेम एक मिलिमीटरच्या गतीने साठते, आणि ते काढण्यासाठी दलदल आधी कोरडी करावी लागते. जगाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्केच पीटभूमी आहे, पण मातीतल्या कार्बनचा फार मोठा वाटा तिथे आहे. कोरडी झाली की तो हवेत जाऊ लागतो. स्फॅग्नम काढताना फक्त वरचा जिवंत थर घेतात आणि पुढच्या वाढीसाठी काही मागे ठेवतात. तो भाग पुन्हा भरायला वर्षे लागतात, तरी पाण्याची पातळी शाबूत राहिली तर भरतो. म्हणून मॉस जपून वापरावे आणि मोठ्या कुंड्या त्याने भरू नयेत.

कोकोपीट या कामाला घेऊच नये, असे माझे मत. नारळाच्या काथ्यात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड मुरलेले असतात. ते काढण्यासाठी कारखान्यात कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात धुतलेला माल इतर झाडांना छान, पण दलदलीच्या झाडांना नको असलेल्या दोन्ही गोष्टी, कॅल्शियम आणि नायट्रेट, त्यात आयत्या मिळतात. न धुतलेला घेऊन आठ-दहा पाण्यांतून काढून ५० पीपीएमखाली आणता येतो, पण तेवढ्या शुद्ध पाण्याची किंमत विटेच्या पुढे जाते.

उरलेली वीट कोरडीच ठेवा, वेष्टनाचे तोंड बांधून, उन्हापासून दूर. अशी ती वर्षानुवर्षे टिकते. भिजवलेले मॉस उरले तर बंद पिशवीत कोंबू नका, आठवड्याभरात त्यावर बुरशी चढते. पातळ पसरून सावलीत पूर्ण वाळवा आणि कागदी पिशवीत भरा. पुढच्या वेळी ते पुन्हा तितकेच पाणी घेईल.